चाळीसांतली तीन काडतुसं

पोलीस ठाणे ग्रूटवाटर, रेहोबोथच्या दक्षिणेस. दिनांक १७ एप्रिल २०२३, वार सोमवार, दुपारी २ वाजून ४० मिनिटं.

नाव येरेमियास डेन्टलिंगर, वय २४ वर्षं. शिक्षण आठवी, तीही अर्धी. धंदा मिळेल ते काम. सध्या मेंढ्या राखणं आणि पवनचक्कीची देखभाल. राहणार डोरिंगपुट शेत, मालक बार्नाबास मूटन यांच्या घरामागची खोली.

मी समक्ष हजर होऊन लिहून देतो की, मला कोणी बोलावलेलं नाही की पकडून आणलेलं नाही. मी आपल्या पायांनी आलो आहे. चौदा किलोमीटर चाललो आणि पुढे लसूणघासाच्या गठ्ठ्यांच्या लॉरीवर बसून आलो. सोबत आणलेल्या वस्तू अशा: माझी थ्री नॉट थ्री रायफल आणि तिचं लायसन, भरलेली काडतुसं सदतीस, आणि मोज्यात बांधलेल्या तीन पुंगळ्या, म्हणजे काडतुसाचं नुसतं पितळ, आत गोळी नाही, दारू नाही. मोजा माझा आहे. हे सगळं सार्जंट हाउफिकू यांच्या टेबलावर ठेवलं आहे. सार्जंटनी आधी रायफल रिकामी आहे का पाहिलं, मग मला बसायला सांगितलं.

लेआ ब्यूकेस यांच्या पाण्याच्या टाकीला गोळ्या मारल्या, त्या प्रकरणी मला सांगायचं आहे. टाकीपाशी पोलिसांना ज्या तीन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या त्या माझ्या आहेत. टाकीवर गोळ्या मी मारलेल्या नाहीत. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकत्र कशा खऱ्या असू शकतात ते सांगायलाच मी आलो आहे. पुढच्या सोमवारी आजूबाजूच्या सगळ्या थ्री नॉट थ्री रायफली इथे तपासायला आणायच्या आहेत. तेव्हा माझी रायफल माझंच नाव सांगणार, हे मला माहीत आहे.

मी डोरिंगपुटला जुलै २०२१ मध्ये आलो. त्याआधी वॉल्व्हिस बेला मासळी डब्यात भरायच्या कारखान्यात होतो, त्याआधी मिठागरात, त्याआधी ऑरेंज नदीकाठच्या द्राक्षमळ्यात. द्राक्षमळ्यात एक मजा असते, घड कापायच्या कात्रीला तिथे प्रत्येकानं आपलं नाव ठेवलेलं असतं, माझ्या कात्रीचं नाव. सार्जंट म्हणतात, द्राक्षं नकोत, टाकीचं सांग. तर मी रस्त्यानं चाललो होतो आणि बार्नाबास काकांचं पिकअप पंक्चर होऊन उभं होतं. वय त्यांचं तेव्हा सहासष्ट, पूर्वी रेल्वेत होते, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. मी चाक बदलून दिलं. ते म्हणाले, "जेवलायस का?" मी म्हणालो, काल. ते म्हणाले, "मग बस." त्या दिवशी मागच्या खोलीत झोपलो तो अजून तिथेच आहे. म्हणजे आज सकाळपर्यंत होतो.

नात्यानं ते माझे कोणी नाहीत. काका मी नुसतं म्हणतो. त्यांची धाकटी बहीण लेआ, नवरा वारलेला, तिला मी आत्या म्हणतो. बापाचं शेत दोघांत वाटलेलं आहे. मधे कुंपण आणि एक फाटक. गोड पाण्याची बोअर आत्यांच्या बाजूला गेली. काकांच्या बोअरचं पाणी मचूळ आहे, चहा खारट लागतो. काका कधी भांडले नाहीत. एवढंच म्हणायचे की, बापाच्या वेळी शेत अखंड होतं.

आत्यांचं आणि माझं पटत नव्हतं, हे मी स्वतःहून सांगतो, कारण दुसरा कोणीतरी सांगेलच. जानेवारीत मी मधलं फाटक उघडं टाकलं. चाकाच्या चाकोरीत एक कासव बसलं होतं, त्याला उचलून बाजूला नेलं, मग ते कुठे जातं ते बघत राहिलो, आणि फाटक राहून गेलं. आत्यांच्या मेंढ्या आमच्या एडक्यांत मिसळल्या. त्यांनी मला दुकानात सात-आठ माणसांदेखत झापलं. म्हणाल्या, "बार्नाबासनं रस्त्यावरचं कुत्रं पाळलं असतं तर त्यानं निदान फाटकाशी भुंकलं तरी असतं." त्यावर मी म्हणालो की, तुमची टाकी एक दिवस कोरडी ठणठणीत पडेल, मग या माझ्याकडे पाणी मागायला. हे मी म्हणालो. काका शेजारीच तंबाखू घेत उभे होते. ते हसले आणि म्हणाले, "चल मियास, जीभ घरी चालव." मला घरी मियास म्हणतात.

आता काडतुसांचं. रायफल माझ्या आजोबांची आहे. विकतची काडतुसं मला परवडत नाहीत, म्हणून काकांनी मला भरायला शिकवलं. उडवलेली पुंगळी टाकायची नाही. बुडाची जुनी टोपी, म्हणजे दारूला ठिणगी देणारी बारीक वाटी, ठोकून काढायची, नवी बसवायची, दारू मापून घालायची, वर गोळी बसवायची. काकांकडे टेबलाला पक्कं केलेलं दाबयंत्र आहे, ते सबंध पुंगळी आवळून मूळ आकारात आणतं. माझ्याकडे हातातलं लोखंडी साधन आणि लाकडी हातोडा. त्यानं फक्त पुंगळीची मान आवळली जाते, खांदे आणि अंग जसंच्या तसं राहतं. काडतूस उडतं तेव्हा पुंगळी फुगून त्या रायफलीच्या घराचा, म्हणजे नळीच्या मागे जिथे काडतूस बसतं त्या पोकळीचा, अचूक आकार घेते. म्हणून माझ्या रायफलीत उडालेली पुंगळी माझ्याच रायफलीत नीट जाते. काका म्हणायचे, "पुंगळी म्हणजे सून नव्हे, दुसऱ्या घरात रुळत नाही." काकांच्या रायफलीचं घर मुळातच ऐसपैस आहे. तिच्यातली पुंगळी बाहेर येते ती जेवून आल्यासारखी, खांदे वर चढलेले.

माझ्या पुंगळ्या चाळीस. त्यांच्यासाठी काकांनी बाभळीच्या लाकडाचा ठोकळा करून दिला होता, चाळीस भोकांचा, माझ्या वाढदिवसाला. एक पुंगळी जागेवर नसली तर भोक लगेच डोळ्यांत भरतं. ओळख म्हणून प्रत्येकीच्या बुडाला मी हिरव्या नेलपॉलिशची रेघ मारतो. बाटली ठोकळ्याशेजारीच असते. खोलीला कुलूप नाही, कडी आहे.

मार्चमध्ये मी काकांना म्हणालो होतो की, ईस्टरच्या आधी मी निघेन, लुडेरित्झला होड्यांवर काम आहे असं एकानं सांगितलंय. काका म्हणाले, "जा की. तुझ्या तळव्यांना भिंगरी आहे." मी आजवर कुठे दोन वर्षं राहिलेलो नाही, हे खरं आहे.

मग माझं मन बदललं. कारण विचारल्यावरून सांगतो की, मोठं काही कारण नाही. जूनमध्ये शिकारीचा हंगाम उघडतो, वर्षभराचं मांस तेव्हाच वाळवून ठेवायचं असतं, आणि काकांच्या डोळ्याला पन्नास पावलांपलीकडचं हरीण आता झुडूप दिसतं. म्हटलं, हा हंगाम करू. पुढचंही बघू. हे मी काकांना सांगितलं नाही. चाळीस काडतुसं भरून ठोकळा समोर ठेवायचा आणि मग ते काय म्हणतात ते बघायचं, असं मनात होतं.

गुरुवार दिनांक ६ एप्रिलला आत्या ईस्टरसाठी लेकीकडे स्वाकोपमुंडला गेल्या. त्यांचा मेंढपाळही गावी गेला. टाकी भरलेली होती, आठ दिवस पुरेल एवढी. शुक्रवारी ७ तारखेला सकाळी काकांनी मला दक्षिणेच्या कुंपणावर पाठवलं. म्हणाले, कोल्हे कुंपणाखालून उकरतायत, तीन दिवस तिथेच राहा, भांडं आणि मक्याचं पीठ घेऊन जा. मी रायफल आणि शेवटची चार काडतुसं घेऊन गेलो. चारही दगडावर नेम धरून उडवली, पुंगळ्या उचलल्या आणि रविवारी संध्याकाळी परत आलो. ह्या तीन दिवसांत मला कोणी पाहिलेलं नाही. कुंपणाखाली उकरलेली एकही जागा सापडली नाही. मला वाटलं, काकांचा डोळा, काहीतरी दिसलं असेल.

मंगळवारी ११ तारखेला आत्या परत आल्या. टाकीला खालच्या बाजूला तीन भोकं होती. टाकीखालचा मेंढ्यांच्या पाण्याचा हौद सुकून त्याला भेगा पडल्या होत्या. हौदाभोवती एकसष्ट मेंढ्या मेलेल्या होत्या, काही एकमेकींच्या अंगावर. बुधवारी पोलीस आले, आणि ऐंशी पावलांवरच्या काटेरी झाडाखाली त्यांना तीन पुंगळ्या सापडल्या. सार्जंटनी त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या. पिशवी मी लांबून पाहिली. हिरवी रेघ दिसली नाही. बुडं खाली होती. मेंढ्या ओढून जाळायला मी आणि काका होतो. आत्या ओट्यावर बसून होत्या. त्यांनी मला पाणी देऊ केलं, बादलीतलं, शेजारून मागून आणलेलं. मी प्यायलो नाही. काका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लेआ, आता एकटीनं पुरे झालं. लेकीकडे जा. इथलं मी बघतो." मला ते बोलणं चांगलं वाटलं होतं.

शनिवारी १५ तारखेला काका तंबाखू आणायला गेले असताना मी चाळीसही काडतुसं भरली. ठोकळ्यात चाळीसच्या चाळीस पुंगळ्या होत्या, बुडांना हिरव्या रेघा होत्या. जुन्या टोप्या ठोकून काढताना बुडाकडे नीट पाहिलं असतं तर टोपीवर आदळणाऱ्या रायफलीच्या पिनचा ठसा त्यांतल्या तिघींवर वेगळा आहे हे तेव्हाच कळलं असतं. पाहिलं नाही. मला एक काम करताना दुसरं सुचत असतं.

दुपारी तीनच्या सुमारास अंगणात, नळी वाळूकडे करून, एकेक काडतूस घालून बघितलं. काकांचा नियम आहे, भरलेलं काडतूस राहत्या घरात रायफलीत घालायचं नाही. सदतीस लोण्यासारखी गेली. तीन अडली. शेवटचं बोटभर अंतर राहतं आणि बोल्टचा, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या खिट्टीचा, दांडा खाली बसत नाही. तेवढ्यात काका आले. त्यांनी ठोकळा पाहिला, काडतुसं पाहिली, आणि विचारलं, "हे आत्ताच का भरलंस? तू तर जाणार ना?" मी म्हणालो, असंच. बघून ठेवतोय.

मग आम्ही दोघं बसलो, नेहमीसारखे. सार्जंट विचारतात म्हणून सगळं सांगतो. आधी गोळी जास्त बाहेर राहिली का ते मापलं. नाही, बाकीच्यांएवढीच. पुंगळीची मान लांबली का ते मापलं. नाही. टोपी बुडातून वर आलीय का अंगठा फिरवून पाहिलं. नाही. रायफलीच्या घरात कचरा आहे का म्हणून फडकं फिरवलं. स्वच्छ होतं, आणि कचरा असता तर सदतीस कशी गेली असती. काका म्हणाले, "हातोडा जोरात हाणलास. अंग फुगलं." मी ती काचेवर लोळवून पाहिली. सरळ लोळली.

काका म्हणाले, "तीनच आहेत ना. दे इकडे, मोडून टाकतो."

मी म्हणालो, "पण का अडतात?"

"अडतात म्हणून अडतात. गाढवाला विचारतोस का, का अडलास?"

"तुम्हीच म्हणता, कारण कळल्याशिवाय काडतूस फेकायचं नाही. आज तीन अडतात, उद्या चौथं फुटून डोळ्यात जाईल."

"मी म्हातारा झालोय. काहीही म्हणतो. दे."

मी दिली नाहीत. खिशात घातली. पावणेदोन वर्षांत काकांनी कारण न बघता काही फेकलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे रेल्वेतले गंजलेले बोल्टसुद्धा बरण्यांत आहेत, मापाप्रमाणे, एक बरणी तर नुसत्या वाकड्या खिळ्यांची. असो.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर मी त्या तिन्ही काडतुसांच्या गोळ्या उपटल्या, दारू ओतून टाकली, टोप्यांवर तेल सोडून त्या निकामी केल्या. मग पुंगळ्या मेणबत्तीच्या काजळीवर धरून काळ्या केल्या. हेही काकांनीच शिकवलेलं. काळी पुंगळी रायफलीत घालायची, अडेल तिथपर्यंत दाबायची, बाहेर काढून बघायची. जिथे घासते तिथली काजळी जाते. तिन्हींची काजळी एकाच ठिकाणी गेली, खांद्यावर, गोल कडं उमटावं तशी. म्हणजे खांदे वर चढलेले. म्हणजे त्या माझ्या रायफलीत कधी उडालेल्याच नाहीत. दुसऱ्या घरातून आल्या आहेत, मोठ्या घरातून, आणि हिरवी रेघ त्यांना मागाहून कोणीतरी मारलेली आहे.

मी खोलीत बसून राहिलो. आज जेवायला काय करू, असं विचारायला काका आले. मी म्हणालो, भूक नाही. ते म्हणाले, "तुला? भूक नाही?" आणि निखाऱ्यावरची पोळी फडक्यात बांधून दारापाशी ठेवून गेले.

आज सोमवारी सकाळी सात वाजता काका ओट्यावर कॉफी पीत होते. मी म्हणालो, "काका, तुमची रायफल जरा द्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं. किल्ली त्यांच्या गळ्यात असते. त्यांनी ती काढून दिली. का मागतोयस असं विचारलं नाही. मला तेव्हाच कळलं, पण म्हटलं बघू तरी. मी कपाटातून रायफल आणली, रिकामी असल्याची खात्री केली आणि त्यांच्यासमोर पहिली पुंगळी घातली. बोल्टचा दांडा एका बोटानं खाली बसला. मग दुसरी. मग तिसरी.

ते म्हणाले, "बसली?"

"बसली."

"तिन्ही?"

"तिन्ही."

त्यांनी कॉफीत साखर घातली. आधीच घातलेली होती. मी विचारलं, "माझ्या तीन कुठे आहेत, काका?"

ते म्हणाले, "तुला माहीत आहे कुठे आहेत."

मी विचारलं, "मीच का?"

ते म्हणाले, "तू तर निघणार होतास. ईस्टरच्या आधी जातो म्हणालास. मला वाटलं, आज जाईल, उद्या जाईल. गेला असतास तर पोलीस म्हणाले असते, पळाला. आणि तुला शोधायला कोण येतंय? आजवर कोणी आलंय?"

मी म्हणालो, "आणि सापडलो असतो तर?"

"बोटीवरचा माणूस सापडत नाही. तुझं काही बिघडलं नसतं मियास. नाव काय, नाव तर तू प्रत्येक गावात टाकूनच येतोस. लेआ लेकीकडे गेली असती, तिथे तिची नातवंडं आहेत. शेत अखंड झालं असतं. कोणाचं काय गेलं असतं?"

"एकसष्ट मेंढ्या."

"त्या जाणार हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, दोन दिवसांत कोणीतरी येईल." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. "आणि तू गेलाच नाहीस."

"नाही गेलो."

"सांगायचं तरी," ते म्हणाले.

ह्यानंतर ते म्हणाले की, पिकअपमध्ये पेट्रोल भरलेलं आहे, पिकअप घे, सीमा ओलांडून सोडून दे कुठेही, मी चार दिवस बोलणार नाही. मी त्यांची रायफल परत कपाटात ठेवली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. पिकअप घेतलं नाही. किल्ली परत का दिली असं सार्जंट विचारतात. किल्ली त्यांची होती.

सार्जंट म्हणाले, "पोरा, ही गोष्ट तुझ्या तोंडची आहे. माझ्या पिशवीत तुझ्या पुंगळ्या आहेत. दुकानातली धमकी तुझी आहे. त्या तीन दिवसांत तू कुठे होतास हे सांगणारा एकही माणूस नाही. आणि ह्या मोज्यातल्या तीन तुझ्या की त्याच्या, हे तू सांगतोस म्हणून. मी काय लिहू?"

त्यावर मी सांगतो की, पुंगळ्या कोणालाही कुठेही नेऊन टाकता येतात, गोळी तशी नेता येत नाही. ती नळीतूनच जाते आणि नळीतल्या पिळाच्या खाचा तिच्या अंगावर उमटतात. माझ्या रायफलीच्या नळीत पाच खाचा आहेत. काकांच्या रायफलीत दोनच. ती युद्धाच्या घाईत बनवलेली आहे, तेव्हा वेळ वाचवायला दोनच पाडायचे, असं काकांनीच सांगितलेलं आहे. टाकी पाण्यानं भरलेली होती. पाण्यात गोळी हात-दोन हातांत थांबते. टाकीच्या पलीकडच्या बाजूला भोक पडलेलं नाही, हे मी मेंढ्या ओढताना पाहिलं आहे. म्हणजे तिन्ही गोळ्या टाकीच्या बुडाशी गाळात असणार. येत्या गुरुवारी आत्यांचा जावई नवी टाकी घेऊन येतोय, तो जुनी कापून गाळ फेकून देईल. त्याआधी गाळ चाळून घ्यावा, एवढी माझी विनंती आहे. पाच खाचा निघाल्या तर मला आत टाका. मी इथेच आहे.

सार्जंटनी जबाब इथे थांबवला. वेळ सायंकाळी ५ वाजून ५ मिनिटं. मला ठाण्यात थांबवून घेतलं आहे, कोठडीत नाही, बाकावर. मक्याचं आणि मासळीचं जेवण दिलं. मासळी डब्यातली होती.

पुढे चालू, दिनांक १८ एप्रिल २०२३, मंगळवार, दुपारी ४ वाजता.

आज सकाळी सार्जंट हाउफिकू आणि दोन शिपाई यांनी लेआ ब्यूकेस यांच्यासमोर टाकीचा गाळ पीठ चाळायच्या चाळणीतून चाळला. चाळणी आत्यांनी दिली. सापडलेल्या गोळ्या दोन, तिसरी मिळाली नाही. दोन्ही पुढून फुलासारख्या उमललेल्या, बुडाकडे धड. सार्जंटनी त्या मला भिंगाखाली दाखवल्या. प्रत्येकीच्या अंगावर खाचा दोन आहेत. मी मोजल्या, सार्जंटनी मोजल्या, आणि मग पुन्हा एकदा मोजल्या.

ह्या गोळ्या मी ओळखतो. ओळख कशी, असं विचारल्यावरून सांगतो की, फेब्रुवारीत काकांचा डोळा फार दुखत होता, दारूचं माप त्यांना दिसत नव्हतं. त्यांची वीस काडतुसं त्यांच्या यंत्रावर मीच भरली. गोळ्यांच्या बुडाजवळ ही दातेरी रेघ आहे, अशा गोळ्या घरात त्या एकाच खोक्यात होत्या. टाकीवर मारलेली काडतुसं माझ्या हातची आहेत. ती अडली नाहीत. हे माझ्याविरुद्ध जाईल का असं मी विचारलं. सार्जंट म्हणाले, नाही. तरी लिहून घ्यावं असं मी म्हणालो, म्हणून लिहिलं आहे.

दुपारी दोन वाजता शिपाई डोरिंगपुटला जाऊन आले. बार्नाबास मूटन यांना आणलं आहे, ते पलीकडच्या खोलीत आहेत. त्यांना भेटायचं आहे का, असं सार्जंटनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांच्या डोळ्यात दुपारी चार वाजता थेंब घालायचे असतात, डाव्या डोळ्यात नाही, उजव्या, बाटली स्वयंपाकघरात खिडकीत असते, कोणी आणली नसेल तर आणावी. हे मी सार्जंटना सांगितलं. सार्जंट म्हणाले, याचा प्रकरणाशी संबंध नाही. नाही.

बार्नाबास मूटन यांच्याविरुद्ध माझी स्वतःची काही तक्रार आहे का, असं विचारल्यावरून सांगतो की, टाकी आणि मेंढ्या आत्यांच्या, ती तक्रार त्यांनी दिलेली आहे. माझी तक्रार तीन पुंगळ्यांची आहे. त्या माझ्या खोलीतून, माझ्या ठोकळ्यातून, मला न विचारता नेल्या. चोरी म्हणून तेवढं लिहून घ्यावं. किंमत विचारल्यावरून सांगतो की, उडवलेल्या रिकाम्या पितळेला किंमत नाही. मग तक्रार कशाला, असं सार्जंटनी विचारलं. त्यांनी मागितल्या असत्या तर मी दिल्या असत्या. कशाला हव्यात, हेसुद्धा विचारलं नसतं.

वरचं सगळं सार्जंट हाउफिकू यांनी मला सावकाश, मोठ्यानं वाचून दाखवलं. एके ठिकाणी तारीख चुकली होती, ती माझ्यासमोर सुधारली आणि तिथे मी सही केली. बाकी मी सांगितलं तसंच उतरलं आहे.

येरेमियास डेन्टलिंगर